चुकलेल्या उत्तराचे गुण

आधी एक गणित. ठिपक्यांच्या आकृत्यांची एक मालिका आहे. पहिल्या आकृतीत २ ठिपके, दुसरीत ६, तिसरीत १२. मार्सी नावाच्या मुलीला विसाव्या आकृतीतले ठिपके सांगायचे आहेत, पण वीसच्या वीस आकृत्या काढत बसायची तिची तयारी नाही. चित्रं न काढता ती उत्तर कसं शोधेल ते समजावून सांगा आणि उत्तरही लिहा.

१९९२ साली अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांना हा प्रश्न ‘नेप’ या राष्ट्रीय चाचणीत विचारला होता. पहिली आकृती १ गुणिले २, दुसरी २ गुणिले ३, तिसरी ३ गुणिले ४, म्हणून विसावी २० गुणिले २१. उत्तर ४२०.

आता वाचकांनी थोडा वेळ परीक्षक व्हावं. समजा चार मुलांची उत्तरं समोर आली. पहिल्याने नुसतं ‘४२०’ लिहिलंय, बाकी कागद कोरा. दुसरीने लिहिलंय की ठिपके आधी चाराने वाढतात, मग सहाने, मग आठाने. तिने पानभर बेरजा केल्या आहेत आणि मध्येच एका ठिकाणी हातचा चुकून ती ४१० वर पोचली आहे. तिसऱ्याने एकाच ओळीत ‘२० × २१ = ४२०’ लिहून पेन खाली ठेवलंय. चौथीने लिहिलंय, ‘प्रत्येक आकृतीत एक ओळ आणि एक रांग वाढते, तसंच पुढे करत जायचं’. आकडा कुठेच नाही, पण मालिकेचं मर्म तिला दिसलंय हे नक्की. पाचपैकी किती गुण द्याल? घरातल्या दुसऱ्या कुणाला हीच चार उत्तरं दाखवा आणि त्यांचे गुण तुमच्या गुणांशी ताडून पाहा. जुळले तर मला आश्चर्य वाटेल.

नेपच्या परीक्षकांच्या हातात या प्रश्नासाठी एक छापील मार्गदर्शिका होती. तिच्यात पायऱ्या होत्या: चूक, किमान, अंशतः, समाधानकारक आणि सर्वांत वर सविस्तर. कोऱ्या कागदाची नोंद वेगळी. प्रश्नातच ‘समजावून सांगा’ म्हटलेलं असल्यामुळे नुसता ४२० लिहिणारा मुलगा वरच्या पायरीपर्यंत जाऊ शकत नव्हता, मग तो कितीही हुशार असो. वरच्या दोन पायऱ्यांवर दहातलं एक मूलसुद्धा पोचलं नाही. गंमत अशी की त्या मुलांपैकी कुणाचंही यात काही बिघडलं नाही. नेप १९६९पासून चालू आहे आणि ती देशभरातून निवडलेल्या नमुन्याची चाचणी आहे. एकेका मुलाला तिच्यात निकाल मिळतच नाही. आपल्याकडे दहावीच्या गणिताचा अर्धा गुण म्हणजे अकरावीच्या प्रवेशयादीतली जागा. तपासणीचा पेच मात्र दोन्हीकडे एकच आहे.

भाषेच्या पेपरात गुण परीक्षकाच्या मर्जीवर असतात आणि गणितात मर्जीला वावच नसतो, अशी आपली पक्की समजूत असते. ‘गणितात पैकीच्या पैकी मिळतात’ हे वाक्य त्याच समजुतीतून येतं. ती समजूत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका साध्या प्रयोगाने मोडीत काढली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी १९१२ साली इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या होत्या. गुणांत मोठी तफावत आली. टीकाकार म्हणाले, इंग्रजीचं असंच होणार, भाषा आहे ती. म्हणून १९१३ साली त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. एका मुलाची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक गणितशिक्षकांनी तपासली. शंभरपैकी गुण आले २८पासून नव्वदच्या पुढेपर्यंत. इंग्रजीपेक्षा भूमितीतली तफावत जास्त निघाली.

कारणं शोधली तर ती कुठल्याही शिक्षकखोलीत आजही ऐकू येतील अशी आहेत. कुणी अव्यवस्थित आकृतीचे गुण कापले, कुणी कापले नाहीत. कुणी उत्तर चुकलं म्हणून त्या प्रश्नाला शून्य दिलं, कुणी रीत बरोबर म्हणून बरेचसे गुण दिले. कुणाच्या मते सिद्धतेत एक कारण लिहायचं राहिलं म्हणजे सिद्धताच राहिली. कुणाला ते कारण इतकं उघड वाटलं की ते नाही हे ध्यानातही आलं नाही. यातला कुणीही अन्याय करत नव्हता. भूमिती येणं म्हणजे काय, याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं, इतकंच.

मराठी माणसाला या संदर्भात केंब्रिज आठवायला हरकत नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले, जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने, आणि ‘रँग्लर’ ही पदवी महाराष्ट्रात त्यांच्या नावाला कायमची चिकटली. ती परीक्षा गुणांच्या अवाढव्य बेरजेवर चाले. फ्रान्सिस गाल्टनने १८६९च्या आपल्या पुस्तकात त्याआधीच्या काळातले आकडे दिले आहेत: एकूण १७,००० गुणांपैकी पहिला आलेला साडेसात हजारांच्या पुढे आणि यादीतला शेवटचा तीनशेच्या आत. अशा बेरजेतून क्रमांक ठरे आणि क्रमांकातून आयुष्य. जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनी या शर्यतीवर कडाडून टीका केली आणि १९०९नंतर क्रमवार यादी बंद झाली. शर्यत नको, म्हणून केंब्रिजने यादीच काढून टाकली.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. परीक्षकांची मतं जुळत नाहीत ना, मग परीक्षकच नको. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बहुपर्यायी प्रश्न आले, पुढे ते तपासायला यंत्रं आली. आयोवा विद्यापीठाच्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी १९५०च्या दशकात उत्तरपत्रिका झरझर वाचणारं यंत्र उभं केलं आणि आयोवा सिटी हे शांत विद्यापीठी गाव परीक्षाउद्योगाचं केंद्र झालं. यंत्राला अव्यवस्थित आकृतीचा राग येत नाही. पण पर्यायाचा गोल रंगवणाऱ्या मुलाने विचार केला की नाणं उडवलं, हेही यंत्राला कळत नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने नवी मानकं काढली. मुलांनी कारण द्यावं, समजावून सांगावं यावर त्यांत भर होता. त्या वाऱ्यावर लेखी उत्तरं परत आली. मार्सीचे ठिपके त्याच सुमारासचे. आणि लेखी उत्तरं आली तसे परीक्षकही परत बोलवावे लागले, यावेळी हजारांनी.

ही माणसं कोण होती? बहुतेक तात्पुरती, तासाच्या मजुरीवर घेतलेली. पदवी असली की पुरे. ती गणितातलीच हवी असं नाही. निवृत्त शिक्षक, पीएच.डी. करणारे विद्यार्थी, दोन नोकऱ्यांच्या मधले बेकार. टॉड फार्ली हा त्यांच्यापैकी एक. १९९४ साली तो आयोवा सिटीत पोटापुरतं काम म्हणून या धंद्यात शिरला, सुमारे पंधरा वर्षं त्यात राहिला, वर चढला, आणि २००९ साली ‘मेकिंग द ग्रेड्स’ हे पुस्तक लिहून बाहेर पडला. पुस्तक विनोदी आहे आणि वाचताना पोटात गोळा येतो.

कामाची पद्धत मात्र वरवर पाहता आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर. परीक्षकाला मुलाचा अख्खा पेपर मिळत नाही. एकच प्रश्न मिळतो आणि त्या एका प्रश्नाची हजारो मुलांची उत्तरं तो दिवसेंदिवस तपासतो. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. पूर्ण पेपर हातात असला की पहिल्या पानावरचं सुवाच्य अक्षर आणि दोन अचूक उत्तरं परीक्षकाचं मत बनवून टाकतात. मग पाचव्या प्रश्नातली गडबड ‘घाईत झाली असेल’ म्हणून सुटते. तीच गडबड गचाळ पेपरात सुटत नाही. सुट्या उत्तराला पूर्वपुण्याई नसते. काम सुरू होण्याआधी नमुना उत्तरं दाखवतात: हे दोन गुणांचं, हे एकाचं, आणि हे एकाचं असलं तरी दोनाच्या जवळ का वाटतं ते ऐका. मग परीक्षकाचीच परीक्षा. गुण पुरेसे जुळले नाहीत तर घरी. काम चालू असताना आधीच गुण ठरलेली उत्तरं गुपचूप मध्ये सरकवतात, म्हणजे कोण ढिला पडला, कोण कडक झाला ते कळतं. काही उत्तरं दोघांकडे जातात आणि दोघांचे गुण किती टक्के जुळले याचा आकडा रोज भिंतीवर.

फार्लीचा आक्षेप याच आकड्यावर आहे. आकडा खाली गेला की वरिष्ठ अस्वस्थ होतात आणि आकडा वर आणायचे सोपे मार्ग सगळ्यांना ठाऊक असतात. आपण गटप्रमुख असताना परीक्षकांचे गुण बदलून आकडे जुळवले, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे. बेइमानी बाजूला ठेवली तरी एक अडचण उरतेच. दोन परीक्षक जुळावेत हेच ध्येय झालं की ‘या मुलीला काय कळलंय?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘शेजारचा याला किती देईल?’ हा पुढे येतो. मार्सीच्या गणितातली आपली चौथी मुलगी इथे मार खाते. तिच्या उत्तराबद्दल चर्चा होऊ शकते, म्हणूनच ते धोक्याचं. मार्गदर्शिकेला आवडतं ते उत्तर ज्याच्याबद्दल चर्चा करावी लागत नाही.

हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. एकवाक्यता हवीच. परीक्षक बदलला की मुलाचं नशीब बदलावं असं कोण म्हणेल? पण २८ आणि ९०च्या मधली दरी बुजवताना जे भरीला घातलं जातं ते गणितच असेल असं नाही.

याहून शहाणी पद्धत आहे आणि ती आंतरराष्ट्रीय चाचण्यांत दिसते. ‘टिम्स’ या चाचणीने १९९५पासून लेखी उत्तरांना दोन अंकी संकेत दिले. पहिला अंक गुणांचा, दुसरा अंक मुलाने कोणती रीत वापरली किंवा कोणती चूक केली त्याचा. चुकीच्या उत्तरांनाही वेगवेगळे संकेत. म्हणजे शून्य गुणांची दोन मुलं एकसारखी राहत नाहीत. एकाने बेरीज केली, दुसऱ्याने अपूर्णांक उलटा केला, हे नोंदलं जातं. ‘पीसा’मध्येही अशीच सोय आहे, आणि तिचं ‘चालणे’ हे प्रसिद्ध उदाहरण बघण्यासारखं आहे.

वाळूत उमटलेल्या पावलांचं चित्र दिलं आहे. पुरुषांच्या चालण्यासाठी एक सूत्र आहे: मिनिटाला पडणारी पावलं भागिले एका पावलाची मीटरमधली लांबी बरोबर १४०. बर्नार्डच्या पावलाची लांबी ०.८० मीटर. तर त्याचा वेग मिनिटाला किती मीटर आणि ताशी किती किलोमीटर?

१४० गुणिले ०.८० म्हणजे मिनिटाला ११२ पावलं. प्रत्येक पाऊल ०.८० मीटरचं, म्हणून मिनिटाला ८९.६ मीटर, ताशी सुमारे ५.४ किलोमीटर. तीन गुण. आता खरी कारागिरी पाहा. बरीच मुलं ११२वरच गाडी थांबवतात आणि त्यालाच मीटर समजून ताशी ६.७२ किलोमीटर काढतात. पावलं आणि मीटर यांची गल्लत झाली, पण मिनिटाचा तास त्यांनी बरोबर केला. त्यांना दोन गुण आणि स्वतःचा वेगळा संकेत. ज्यांनी ८९.६ बरोबर काढलं पण किलोमीटर करताना घसरले, त्यांनाही दोन गुण, पण संकेत निराळा. रीत बरोबर आणि किरकोळ आकडेमोड चुकली तर तेही दोन, तिसरा संकेत. फक्त ११२पर्यंत पोचलेल्याला एक. तीनपैकी तीन मिळवणं सोपं नव्हतं; २००३च्या पीसामध्ये पूर्ण गुणांचं हे उत्तर सर्वांत वरच्या पातळीवर मोजलं गेलं.

हे सगळं गणिताच्या चांगल्या शिक्षकाला तोंडपाठ असतं. पहिल्या चाचणीचे पेपर तपासून झाले की तो वर्गात येऊन म्हणतो, ‘तुमच्यातल्या अर्ध्यांनी पावलांनाच मीटर धरलंय.’ पीसाने तेच ज्ञान कागदावर उतरवलं आणि जगभरच्या परीक्षकांना वापरता येईल असं केलं. भारताचा त्यात सहभाग एकदाच, २००९च्या फेरीच्या विस्तारात, आणि तोही फक्त हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडूपुरता. दोन्ही राज्यं यादीच्या तळाशी आली. त्यानंतर प्रश्न भारतीय मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते, अशी सरकारी बाजूने तक्रार झाली. तक्रारीत तथ्य असेलही. पण वाळूतून चालायला बर्नार्डच लागतो असं नाही, आणि आपल्या मुलांच्या चुका कोणकोणत्या जातीच्या होत्या याकडे त्या वादात फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता घरचं. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणिताचे ४० गुणांचे दोन पेपर आहेत, पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपराबरोबर आदर्श उत्तरं तयार होतात, परीक्षक तपासतात, नियामक त्यातले काही पेपर पुन्हा पाहतात. परीक्षकाच्या तोंडी कायम असणारा शब्द म्हणजे ‘स्टेप’. स्टेप आली की गुण आला. सूत्राला अर्धा, किमती घालण्याला अर्धा. वर्गसमीकरणावरच्या शाब्दिक उदाहरणात वय ८ किंवा उणे ३ आलं आणि ‘वय ऋण नसतं’ हे लिहायचं राहिलं तर तेवढा भाग गेला. आदर्श उत्तरातल्या रीतीपेक्षा वेगळी पण बरोबर रीत असेल तर पूर्ण गुण द्यायचे हा संकेत जुना आहे, आणि तो पाळणाऱ्या परीक्षकाबद्दल मला आदर आहे, कारण गठ्ठ्यातल्या दोनशेव्या पेपरात वेगळी रीत वाचून ती शेवटपर्यंत पडताळणं सोपं नसतं. गणित येणारा शिक्षकच ते करू शकतो. अमेरिकेतल्या तासाच्या मजुरीपुढे आपली ही बाजू नक्कीच जमेची.

मात्र त्याच पेपरात ‘कृती’ नावाचा प्रकार आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या ‘अ’ भागात सिद्धता किंवा सोडवणूक जवळजवळ पूर्ण छापून देतात आणि मधल्या चौकटी रिकाम्या ठेवतात. मुलाने चौकटी भरायच्या. चौकटीतला शब्द बरोबर असला की गुण. तपासायला अतिशय सोपं, दोन परीक्षकांचं मत वेगळं व्हायचं कारणच नाही. स्टार्च आणि एलियट यांना ते पाहून समाधान वाटलं असतं. कृतीमुळे कागद कोरा ठेवणाऱ्या अनेक मुलांच्या हाताला काहीतरी लागतं, हे मान्य केलंच पाहिजे. ३५च्या काठावरच्या मुलाला दोन गुणांचं मोल विचारा. पण चौकट भरणारा मुलगा दुसऱ्याच्या विचारातल्या गाळलेल्या जागा भरतो. समरूप त्रिकोणांवरून पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करायच्या कृतीत भास्कराचार्यांसारखे तुकडे जुळवून ते सिद्ध करू पाहणाऱ्या मुलीला एकही चौकट नाही. पक्ष, साध्य, रचना हे सगळं आयतं मिळालं की सिद्धतेत मुलाची रचना उरते कुठे? माझ्या मते कृती हा बहुपर्यायी प्रश्नाचाच चुलतभाऊ आहे. त्याने सिद्धतेचा सदरा घातला आहे इतकंच.

यंत्रं पुन्हा दाराशी आली आहेत. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचा घाट घातला तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पायउतार व्हावं लागलं. तिथे तपासणारी माणसंच होती, यंत्र फक्त कागद पोचवत होतं. आताची यंत्रं स्वतः गुण देतात. टेक्सस राज्याने २०२४ साली लेखी उत्तरांसाठी संगणकी गुणदान आणलं आणि हजारो तात्पुरत्या परीक्षकांची गरज संपली. ते प्रामुख्याने भाषा, विज्ञान, समाजशास्त्र यांच्या उत्तरांसाठी होतं. गणिताचा प्रयोग नेपने २०२३ साली स्पर्धा लावून केला, आणि विजेत्या प्रणालींचे गुण माणसांच्या गुणांच्या बरेच जवळ आले. पण ही यंत्रं शिकतात ती माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच. आपल्या चौथ्या मुलीला माणसांनी सतत एक गुण दिला असेल तर यंत्रही एकच देईल, न थकता, लाखो वेळा, आणि एकवाक्यतेचा आकडा उत्तम येईल.

यंत्र येवो वा न येवो, एक गोष्ट आत्ता करता येण्याजोगी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. नेप आपले काही जुने प्रश्न, त्यांच्या मार्गदर्शिका आणि खऱ्या मुलांची नमुना उत्तरं, नावं काढून, कुणालाही पाहता येतील अशी जाहीर करते. याला हे गुण का, त्याला ते का, हेही त्यात असतं. अमेरिकेतल्या हायस्कूल विद्यार्थ्यांच्या ‘एपी’ (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षेत दरवर्षी हेच होतं. दहावीच्या विद्यार्थ्याला शुल्क भरून स्वतःच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकनही मागता येतं. राज्य मंडळाने याच्या पुढचं पाऊल टाकावं. दरवर्षी निकालानंतर गणिताच्या दोन्ही पेपरांतल्या प्रत्येक मोठ्या प्रश्नाची दहा खरी उत्तरं, दिलेल्या गुणांसह आणि कारणांसह, प्रसिद्ध करावीत. त्यांत पूर्ण गुणांची दोन पुरेत. बाकीची आठ चुकलेली असावीत.